एकास पाच

कडुलिंबाचा बुंधा परवाच टेम्पोत भरून गेला होता. त्याच्या जागी भुसा पसरलेला होता आणि भुशाच्या कडेने गुलमोहराची पाच रोपं उभी होती, प्रत्येकाच्या बुडाशी ओलं आळं.

संदीपने ती मोजली. पालिकेच्या नगररचना विभागात तो नवाच लागला होता. शेजारी उभ्या असलेल्या एस्तेरबाईंनी त्याला शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं.

"पाच आहेत, बाई."

"दिसतंय."

सावेडीच्या या माळावर आप्पासाहेबांचे चाळीस प्लॉट पडत होते. त्यांनी आपली छत्री बाईंच्या डोक्यावर धरली. "नियम तुमचाच, बाई. एकास पाच. आम्ही हूं की चूं केलं नाही. दहा म्हणाला असतात तरी लावली असती. रोपवाटिकेत फुकट मिळतात."

नियम बाईंचाच होता. निवृत्तीनंतर दोन वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढून त्यांनी तो नव्या लेआउटच्या अटींत घालून घेतला होता, आणि तपासणीच्या कागदावर सहीही त्यांचीच लागे. एकाला पाच लावायची म्हटल्यावर कोण कशाला तोडेल, असं त्यांना वाटलं होतं.

"त्या लिंबाच्या ढोलीत धनेशाची मादी होती, संदीप. महिना झाला असेल. ती आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. नर बाहेरून भरवतो."

"फॉर्मात पाखरांचा रकाना नाही, बाई," तो खाली बघत म्हणाला.

"नाही. मीच घातला नाही."

रोपांना पाणी घालणारी भामाबाई मघापासून कळशी टेकवून उभी होती. "बाई, जरा हिकडं येता का?"

तिच्या पालाशेजारी कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं होतं. तिने ते एका बाजूने उचललं. आत एक राखाडी पक्षीण भुईला चिकटून बसली होती. वाकडी मोठी चोच, पंखांच्या जागी नुसती खुंटं, शेपटी नाही.

"खोड फोडलं तवा घावली. अंडी हुती, ती गेली. ही उडंना. आजारी हाय का वो?"

"आजारी नाही. आत बसली की आपली पिसं ती आपणच गाळते. पिल्लं मोठी होईपर्यंत लागत नाहीत ना."

भामाबाईने डालगं हळूच खाली टेकवलं. "लई भरवसा म्हनायचा."

संदीप फाईल घेऊन मागे आला होता. आप्पासाहेब लांब थांबले होते, तरी तो हळू बोलला. "बाई, अट पुरी झाली आहे. तुम्ही सही केली नाहीत तर ते पालिकेच्या सभेत जातील. ही अटच काढून टाका म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत. मग एकास एकसुद्धा राहायचं नाही."

"माहीत आहे मला."

त्यांनी फाईल स्कूटरच्या सीटवर ठेवली, तपासणीचा कागद काढला आणि सही केली. तारीख घालायची विसरल्या. संदीपने आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी तीही घातली.

"चहा घेऊन जा, बाई," आप्पासाहेब म्हणाले.

ओढ्याच्या अंगाने नर आला. चोचीत उंबराचं फळ होतं. ढोली जिथे होती तितक्या उंचीवर तो हवेतच थबकला, पंख फडफडवले, वळसा घेऊन पुन्हा तिथेच आला.

"दोन दिस झालं, आसाच येतोय," भामाबाई म्हणाली.

तिसऱ्या खेपेला तो दमून खाली उतरला आणि एका गुलमोहरावर बसला. रोप त्याच्यासकट जमिनीला टेकलं.