शेवट सांगायचा नाही

कबड्डीच्या मध्यंतरात आमच्या बाकावर पुस्तकं आणि सिनेमांच्याच गप्पा चालतात.

"तू सुचवलेली ती खुनाची कादंबरी निम्मी झाली," यशवंता म्हणाला. "कालच्या सिनेमापेक्षा भारी आहे."

"खून दिवाणजीनं केला," मी म्हणालो.

"लेका, शेवट कशाला फोडलास? मॅच बघायच्या आधी कुणी निकाल सांगतं का?"

शेवट सांगायचा नाही, हा बाकावरचा नियम माझाच होता. हीच कादंबरी माझी बायको कुंदा दवाखान्यात वाचत होती. डोळे दमले तेव्हा म्हणाली, "अहो, खून कुणी केला तेवढं सांगा ना." मी हसून म्हणालो, "आमच्या बाकावर शेवट सांगत नाहीत. बरी हो आणि वाच." तिनं परत विचारलं नाही. पुस्तक अर्धंच राहिलं आणि ती गेली. आता कुणाचं अर्धं राहिलेलं मला बघवत नाही.

हे मी यशवंताला सांगितलं. शिट्टी झाली, चढाई सुरू झाली, लोक ओरडायला लागले. तो मैदानाकडे बघेना.

"दिवाणजीनं का मारलं, तेही सांग," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं, कुंदालाही ऐकू जाईल असं.