धाबेकरांचा आकडा

"सुनंदाबाई, सुटकेचं दार उघडा! कमरेचं यंत्र बोंबलतंय, वायू वाढतोय," खाणीच्या तळातून मॅनेजर धाबेकर फोनवर ओरडले.

"साहेब, धोका दिसला की संगणकातलं मॉडेलच ते उघडतं," वर पडद्यासमोर बसलेली सुनंदा म्हणाली. "आणि मॉडेल म्हणतंय, वायू नाहीच."

"मॉडेल चुकतंय!"

"कसं चुकेल? कोळशातून वायू किती झिरपतो, तो तुमच्याच सहीचा आकडा मी सकाळी भरलाय. माझा नवरा खाली वायूने गेला त्या दिवशीचा."

धाबेकरांचा आवाज चिरकला. "तो खोटा होता! पाळी थांबू नये म्हणून मीच कमी लिहिला!"

तिने आजच्या मोजणीचा खरा आकडा भरला. दार उघडलं.

फोन तिने आधीच धोक्याच्या भोंग्याला जोडला होता. नवरा गेला त्या दिवशी न वाजलेल्या त्याच भोंग्यावरून धाबेकरांचं ते वाक्य तोवर अख्ख्या वस्तीने ऐकलं होतं.