सावरीखालाचे हात

"खाला, मागच्या वेळी केलंत तसंच करा. पाहुणे राजधानीतून, दुशान्ब्याहून आलेत," केंद्रात डफ वाजवणारी फरोगत सावरीखालाच्या कानाशी कुजबुजली.

सावरीखाला खोलीच्या मधोमध उभी राहिली. भिंतीवर तिनेच काढलेली चित्रं टांगली होती. प्रत्येकात तीच काळी पेटी. तिचा मुलगा सैमुद्दिन रशियात बांधकामावरून पडला आणि घरी आला तो खिळे ठोकलेल्या पेटीत. उघडू नका, असं बजावलेलं होतं. तेव्हापासून खाला रडली नव्हती. सात महिने डोळे कोरडे, अन्नावर वासना नाही, झोप नाही. शेवटी सुनेने तिला कुलोब शहरातल्या या केंद्रात आणलं. इथे दुःखाने गोठलेल्या बायांच्या हाती रंग देत, त्यांना नाचायला लावत.

पहिल्यांदा ती संतापलीच होती. पोर मातीत गेलेलं आणि आपण नाचायचं? पण एका सकाळी फरोगत डफ वाजवत असताना तिचे हात आपोआप उठले. एका हाताने तिने हवेत हनुवटी धरली, दुसऱ्याने केस विंचरले. शाळेत धाडण्यापूर्वी सैमुद्दिनचे विंचरायची तसेच. मग ती मटकन खाली बसली आणि पोटातून हंबरडा फुटला. त्या दिवशी ती दोन वाडगे शोरबा प्यायली. फरोगतही तिच्या गळ्यात पडून रडली. पोरगी मनाची खरी होती.

केंद्राच्या संचालिकेने ते दारातून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात देणगी देणारे पाहुणे आले. मग दुसरे, मग तिसरे. दर वेळी खालाने उभं राहायचं, हनुवटी धरायची, केस विंचरायचे. पाहुणे रुमाल काढायचे, मग टाळ्या वाजवायचे. तुमच्यामुळे आणखी कितीतरी बायांना आसरा मिळेल, असं संचालिका सांगायची. मग खालाला नाही म्हणणं जड जाई.

आज डफ सुरू होण्याआधी तिने फरोगतचं मनगट धरलं.

"आतून काही येत नाही गं, पोरी."

फरोगतने दाराकडे पाहिलं. संचालिका तिथेच उभी होती.

"नाही आलं तर राहू दे, खाला," ती मान खाली घालून म्हणाली. "हात तर येतात ना?"

हात आले. पाहुणे रडले.

पुढच्या महिन्यात सैमुद्दिनला जाऊन वर्ष झालं. गावातल्या बाया शोकाचे निळे कपडे घालून अंगणात जमल्या. नणंदेने टाहो फोडला, बायांनी रिवाजाप्रमाणे शोकाच्या नाचाचं रिंगण धरलं आणि आईसाठी मधली जागा मोकळी केली. खाला आत आली. तिने हनुवटी धरली. केस विंचरले, अगदी हळुवार, एकही बट न चुकवता. बाया ओक्साबोक्शी रडू लागल्या. सून तिला धरायला पुढे धावली आणि जवळ जाताच थबकली.

खालाचे डोळे कोरडे होते. हात खाली घेऊन, किंचित वाकून, ती टाळ्यांची वाट पाहत उभी होती.