गुरुवारचा फोन

मुलाचा घटस्फोट सोमवारी झाला. आता कादंबऱ्यांवर गप्पा मारायला विहीणबाईंचा गुरुवारचा फोन येणार नाही, असं मंदाकिनीनं गृहीतच धरलं होतं. तरी वाचून झालेली कादंबरी मांडीवर घेऊन ती बसली होती.

फोन वाजला.

“संपली का हो?”

“कालच. नायक अगदीच मेषपात्र!”

“आणि नायिका दोनशे पानं नुसती रडते. मी असते तर पहिल्याच प्रकरणात बॅग भरली असती.”

दोघी हसल्या आणि मग दोघींनाही एकदम आठवलं. विहीणबाईंच्या लेकीनं खरंच बॅग भरली होती.

“विहीणबाई...” मंदाकिनी अडखळली. “आता तुम्हाला काय म्हणायचं?”

“हेमा म्हण. अहो-जाहो पुरे. पुढची कोणती वाचू या?”

“खुनाची घे गं, हेमा. संसाराच्या खूप झाल्या.”