ब्रिज बदलून हवा

"ब्रिज बदलून हवाय. आजच. सहाच्या आत," थोरली म्हणाली आणि तिने गिटारची पेटी धाडकन टेबलावर ठेवली.

धाकटीने पेटीखाली सापडलेला आपला स्क्रूड्रायव्हर ओढून काढला. सहा वर्षांनी बहीण दुकानात आली होती, आणि आल्या आल्या तिने हत्यारांवर पेटी आदळली होती.

"दुसरं कुणी भेटलं नाही?"

"भेटलं असतं तर इथे पाय ठेवला असता का? सातला कार्यक्रम आहे."

धाकटीने पेटी उघडली. सहाही तारा ज्यावर टेकतात तो धातूचा ब्रिज तिने बोटाने हलवून पाहिला. ज्या दोन खांबांवर तो डोलतो, तिथली त्याची धार पार झिजली होती. सूर लहरवायची, ब्रिजला जोडलेली दांडी दाबून सोडली की तारा मूळ जागेवर येईनात. प्रत्येक गाण्यात सूर उतरत असणार.

"वर्षभर तरी अशीच वाजवलीयस. झीज नाही ही, हेळसांड आहे."

"तुझं मत विचारलेलं नाही." थोरलीने पिशवीतून नव्या ब्रिजचा खोका काढून पुढे सरकवला. "हा बसव. आणि मी इथेच बसणार. एकेका स्क्रूवर माझी नजर असेल."

"बस की. तेवढंच काहीतरी शिकशील."

तिने तारा सैल करून काढल्या. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा सोडवल्या, जुना ब्रिज उचलून बाजूला ठेवला. नवा पोलादी होता, हाताला जड. पुढे तारांची ओढ आणि मागे स्प्रिंगांची, दोन्ही सारख्या झाल्याशिवाय तो सपाट राहत नाही. इकडे सैल कर, तिकडे आवळ, पुन्हा सगळ्या तारा सुरात आण, असं तीन-चारदा करावं लागलं. थोरली तिच्या उजव्या कोपराला खुर्ची चिकटवून बसली होती.

"वाकडा बसलाय."

"तू वाकडी बसलीयस."

मग धाकटीने सूर मोजायचं छोटं यंत्र गिटारच्या डोक्याला अडकवलं. एकेक तार आधी मोकळी छेडायची, मग मानेवरच्या धातूच्या बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची आणि यंत्राचा काटा बघायचा. दाबलेला सूर चढा निघाला तर ब्रिजवरचा त्या तारेखालचा तुकडा केसभर मागे घ्यायचा. ती सावकाश करत होती. थोरलीला बसवेना. ती उठून येरझाऱ्या घालू लागली आणि धाकटीच्या पाठीमागे येऊन थांबली.

"काट्यावर काय लावतेस? कानाने लाव."

धाकटी स्क्रू फिरवत राहिली.

"तुझ्याशी बोलतेय मी. माझी गिटार मी काट्यावर लावून घेत नाही."

धाकटीने मानसुद्धा वळवली नाही. थोरलीचं डोकंच फिरलं. हा माज तिच्या चांगला ओळखीचा होता. पुढे होऊन तिने धाकटीचा खांदा धरला आणि गदागदा हलवला. स्क्रूड्रायव्हर घसरला. नव्याकोऱ्या ब्रिजवर पांढरा चरा उमटला.

"बहिरी आहेस का?"

धाकटीने वळून तिच्या ओठांकडे पाहिलं.

"हो."

थोरली हसली. मग ते हसू कुठे ठेवावं तिला कळेना.

"डावा कान पूर्ण गेलाय. उजव्याने समोरून बोललेलं थोडं कळतं, बाकी ओठ बघते. कानाच्या आतलं हाड जखडलंय म्हणतात डॉक्टर."

"कधीपासून?"

"भरल्या हॉलमध्ये तू माइकवरून म्हणाली होतीस ना, सूर कळत नसेल तर स्टेजवरून उतर? त्याच्या आधी वर्षभर."

"आईला माहीत आहे?"

"आहे. तुझ्या कानावर घालायचं नाही, अशी शपथ घातलीय मी तिला."

थोरलीने घड्याळ पाहिलं. सव्वापाच. गिटारकडे पाहिलं, चऱ्याकडे पाहिलं. बोलायचं भलतंच काही होतं, पण तोंडातून निघालं ते हेच: "मग माझी गिटार हातात घेतलीसच कशी? बेसूर करून देणार होतीस?"

धाकटीने यंत्र ओरबाडून काढलं आणि टेबलावर भिरकावलं. बहिणीला खुर्चीत बसवून गिटार तिच्या मांडीवर आदळली. मग स्वतः खाली वाकून कानामागचं हाड गिटारच्या लाकडाला घट्ट टेकवलं आणि डोळे मिटले.

"तिसरी छेड. मोकळी. आता बारावा पडदा."

थोरलीने छेडली.

"चढी आहे."

"नाही."

"चढी आहे. पुन्हा."

थोरलीने पुन्हा छेडली, या वेळी श्वास रोखून. होती. अगदी किंचित चढी होती. तिला कळली नव्हती. धाकटीने डोकं न हलवता चाचपत स्क्रू गाठला आणि पाव वळसा दिला.

"पुन्हा."

थोरलीचा हात तारेवरच थांबला. बहिणीचं डोकं तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. मागे केसांत एक पांढरी बट होती. थोरली बोलू लागली. आधी हळू, मग भरभर, एका वाक्यात दुसरं अडकत. तिचा आवाज मध्येच फाटला.

धाकटीचे डोळे मिटलेलेच होते.

"तार थांबलीय," ती म्हणाली. "बोलत असशील तर बोलू नकोस. बोललेलं लाकडातून येत नाही. वाजव."