वाघाची हजेरी

निवृत्त झाले तरी हेडमास्तरांची हजेरी घ्यायची खोड काही गेली नाही. जंगल सफारीच्या उघड्या जीपमध्येही ते मांडीवर वही घेऊन बसले होते.

"मोर?" ते पुकारायचे.

"हजर," मागच्या सीटवरून बायको कंटाळून म्हणायची.

हरीण, रानडुक्कर, मुंगूस, सगळ्यांची झाली. वाघाचा मात्र पत्ता नव्हता, आणि त्याच्यासाठीच तर बिचारीने दोन दिवस गाडीतले धक्के खाल्ले होते. मास्तरांनी त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि जीप परत वळली.

तेवढ्यात झुडपातून वाघ बाहेर आला आणि थेट जीपसमोर उभा राहिला. गाइडची बोबडी वळली. बायकोने डोळे गच्च मिटून घेतले. मास्तरांनी चष्म्यावरून त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"ही काय यायची वेळ झाली? कारणं सांगू नकोस! उद्या सकाळी सातला पालकांना घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस!"

वाघ आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या दिवशी बरोबर सातला, त्याच जागी तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याची आई मागून पंजाने त्याला पुढे ढकलत होती.