बिनआवाजाचे वायपर

"आवाज येता कामा नये," कंडक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "बाकी काहीही चालेल."

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने काउंटरवर वायपरच्या दोन जोड्या मांडल्या होत्या. जुनी जोडी कंडक्टरांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. एका ब्लेडचं रबर फाटून लोंबत होतं आणि आतली पत्र्याची पट्टी उघडी पडली होती.

"बावीस आणि अठरा," दुकानदाराने माप घेतलं. "गाडी कुठंय? आणा दारात, बसवूनच देतो."

"मी बसने आलो."

"घ्या! घरी गाडी असून तिचे वायपर आणायला बसने!"

कंडक्टर ओशाळं हसले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. पस्तीस वर्षं दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत उभं राहून काढली की बसचा मोह सुटत नाही, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. घरी बायकोजवळ शेजारच्या वहिनी बसल्या होत्या, पण पाचला निघायलाच हवं होतं.

"रोज काढता गाडी?"

"रोज. पाच ते सहा. हिला माहेरी जायचं असतं. पाच वाजत आले की हिच्या पायाला भिंगरी लागते. आई वाट बघत असेल म्हणते, मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"सासूबाईंचं वय काय असेल?"

"नव्वदीच्या पुढेच धरा."

"मग नेलंच पाहिजे. आज आहेत, उद्याचं कुणी सांगावं?"

कंडक्टर जुन्या जोडीवरचा वर्तमानपत्राचा कागद उगाच सारखा करत राहिले. दुकानदाराने फ्रेमवाली जोडी पुढे सरकवली. "हे घ्या. स्वस्त आणि मस्त. फक्त वेगात जरा उचलले जातात. तुम्ही किती वेगाने चालवता?"

"फार नाही."

"म्हणजे किती?"

"हळूच." त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला. "हे किरकिरतील हो."

"अहो काका, आभाळ कोरडं ठणठणीत आहे आणि तुम्ही रबराचा कीस काढताय!"

तेव्हा कंडक्टरांचा बांध फुटला. "काल वायपर ओरडायला लागला. कर्र, कर्र, कर्र. ही म्हणाली, गाडीत काहीतरी बिघडलंय, मी चालतच जाते. आणि दार उघडून उतरलीसुद्धा."

"चालत्या गाडीतून?"

"उतरताना लागलं नाही काही. पण मला पट्टा सुटेना आणि ही तरातरा चौकात. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज ती आहे. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही."

दुकानदाराची थट्टा जागच्या जागी थांबली. त्याने वरच्या फळीवरून एक सपाट, अखंड ब्लेड काढलं, काउंटरच्या काचेवर पाणी शिंपडलं आणि ब्लेड त्यावरून ओढलं. हूं की चूं नाही.

"हेच द्या," कंडक्टर म्हणाले.

"मोठं चालवणाऱ्यापुढे, छोटं शेजारी. आणि आधी काच स्वच्छ पुसा. काचेवर मळ असला तर सोन्याचं ब्लेडही बोंबलेल."

परतीची बस मुंगीच्या पावलांनी चालली. दर थांब्याला ते घड्याळ बघत होते. पुढे उभा असलेला तरुण कंडक्टर त्यांना ओळखून गप्पा मारायला आला, तर ते त्याच्यावरच खेकसले, "आधी बेल मार, मग बोल!" शेवटी गाडी सिग्नलला अडकली, तेव्हा ते दोन थांबे आधीच उतरले आणि पार्सल छातीशी धरून सुटले.

घरी बायको हातात पिशवी घेऊन, चपला घालून उभी होती. वहिनी दाराला पाठ लावून होत्या.

"आलात एकदाचे, भाऊजी! दहा वेळा कडीला हात घातला यांनी."

"पाचच मिनिटं दे गं," कंडक्टर म्हणाले.

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत," बायको म्हणाली. "तिकडे आई ताटकळली असेल."

मागच्या अंगणात त्यांनी काच दोनदा पुसली. घाईत हुक बसता बसेना. दुसरं ब्लेड खट्‌कन बसलं तेव्हा पाचला दोन मिनिटं होती.

बायको शेजारी बसली. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. त्यांनी किल्ली फिरवली, आणि काचेवर पाण्याच्या धारा आल्या.

"आला बाई पाऊस," ती म्हणाली.

वायपर गेले, आले. पुन्हा गेले, आले. कंडक्टरांनी श्वास रोखून कान दिला. आवाज नव्हता.

"पूल," ते जुन्या सवयीने खड्या आवाजात म्हणाले.

"इतक्यात?"

"रस्ता मोकळा आहे." थोड्या वेळाने त्यांनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. "शाळा. पुढे पाण्याची टाकी."

तिची पिशवीवरची पकड सैल झाली. "आज छान चालवताय हो. एक खड्डा म्हणून लागला नाही."

"नवे वायपर आहेत."

"वायपरचा आणि खड्ड्यांचा काय संबंध? काहीतरीच तुमचं!" ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि कंडक्टरांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. मग ती जांभई देत म्हणाली, "आई झोपली असेल आता. तिला उठवायला नको. उद्या येऊ."

"उद्या येऊ. फिरवतो गाडी."

त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. तिने मान मागे टेकली आणि डोळे मिटले. तिचा श्वास एका लयीत पडायला लागेपर्यंत वायपर चालूच होते. मग कंडक्टरांनी हँडल फिरवून शेजारची काच बोटभर खाली केली.

"वहिनी," ते कुजबुजले, "नळ बंद करा."

वहिनींनी नळ बंद करून पाइप गुंडाळला, आणि चार वर्षं बिनचाकाच्या, विटांवर उभ्या असलेल्या गाडीतून कंडक्टर बायकोची झोप न मोडता खाली उतरले.